माझ्या आवाजातली बाई

४ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आई गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. तुझा पत्ता तिनेच दिला, आणि तो तिला तोंडपाठ होता याचं मला जरा नवल वाटलं.

सहा वर्षांनी मोठ्या बहिणीचं पत्र म्हटल्यावर त्यात भांडणाबद्दल काहीतरी असायला हवं, पण ते राहू दे. काम वेगळंच आहे. माझ्या नावावर कोणीतरी कर्ज काढलंय. माझं नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा नंबर, सगळं वापरून बँकेकडून पैसे उचलले, वर्षभर हप्ते इमानेइतबारे भरले आणि मग बंद केले. चोराने वर्षभर हप्ते भरावेत हे बँकेलाही नवीनच होतं.

मला कळलं ते असं. लॅबचे मालक आता थकलेत. मी अजून तिथेच कवळ्या बनवते, फक्त आठवड्यातून तीनच दिवस, कारण काम तेवढंच येतं. मंदी आली की माणसं आधी दातांचा खर्च थांबवतात. समोरचे दोन शाबूत असले की बाकीच्यांवाचून निभावतं असं त्यांना वाटतं. परवा एक बाई गेलेल्या सासऱ्यांची कवळी रुमालात बांधून घेऊन आली. म्हणाली, घासूनपुसून ह्यांच्या मापाची करून द्या. नवरा बाहेर ओशाळून उभा होता. प्रत्येकाचा जबडा वेगळा असतो, एकाची कवळी दुसऱ्याला चालत नाही, असं मी तिला समजावलं. तर म्हणते, "अहो, पण दात ते दातच ना?" मी तिला खुर्ची दिली आणि पाणी दिलं, अजून काय देणार.

तर मालक म्हणाले, चालवायची असेल तर तू चालव. भट्टी, यंत्रं, आपल्याकडे काम देणारे दवाखाने, सगळं तुझ्या हवाली करतो. मार्चअखेरपर्यंत थांबतो, नाहीतर यंत्रं भंगारात जातील. मी कर्ज मागायला बँकेत गेले, तेव्हा समोरच्या माणसाने पडद्यावर बघून मान हलवली. म्हणाला, "तुमचं आधीचंच थकलंय." हे निस्तरलं नाही तर लॅब गेली. आणि जिथे तिथे माणसं कमी करताहेत, तिथे पन्नाशीतल्या बाईला नव्याने कोण घेणार.

तुला लिहिण्याचं कारण एवढंच की तूही तुझ्या नावाची चौकशी करून ठेव. ओळखपत्राची झेरॉक्स कोणाला दिलीस तर तिच्यावर आडवं लिही, कशासाठी दिली आणि कधी दिली. जुने कागद टाकायचे तर बारीक फाडून टाक. फोनवर कोणी गोड बोललं तर गोडच बोल, पण नंबर सांगू नकोस. आईला हे शिकवून मी हरले. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही ती माझी जन्मतारीख सांगते, वर जन्मवेळही सांगते.

मंदीत चोर वाढतात असं बँकेतला माणूस म्हणाला. मला वाटतं, चोर असतात तेवढेच असतात, त्यात साध्या माणसांची भरती होते.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मीही सहा वर्षं घेतलीच.

बँकेच्या तक्रार विभागात एक बाई आहे. वयाने माझ्याएवढीच. वरचे दोन दात नकली, पण काम चांगलं झालंय, मलाही जवळून बघावं लागलं. तिने सगळं उलगडून सांगितलं. मंदीत त्यांनी जुन्या खातेदारांसाठी फोनवर कर्ज द्यायची योजना काढली होती. फोन करायचा, नंबर सांगायचा, गुप्त प्रश्नांची उत्तरं द्यायची, की पैसे खात्यात जमा. मग तेच पैसे फोनवरूनच दुसरीकडे पाठवले गेले, आणि मी त्या खात्याकडे कधी फिरकतच नसे. कुठे, ते चौकशी पुरी झाल्याशिवाय सांगायचं नाही असा त्यांचा नियम आहे.

गुप्त प्रश्न म्हटल्यावर मला हायसं वाटलं. त्याचं कारण तुला सांगते. खातं उघडताना मी एकाही प्रश्नाचं खरं उत्तर दिलेलं नव्हतं. कुठेतरी वाचलं होतं की खरी उत्तरं सगळ्या गावाला ठाऊक असतात, म्हणून खोटी द्यावीत आणि लक्षात ठेवावीत. आपल्या आईच्या मुलीला हा सल्ला पटणारच. तेव्हा चोराने माझी कुंडली जरी मिळवली असती तरी त्याची उत्तरं चुकायला हवी होती.

बाईने कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सगळी बरोबर आहेत. पहिल्या पाळीव प्राण्याचं नावसुद्धा. वकील नावाचा कुत्रा होता का तुमच्याकडे? छान नाव आहे."

आपल्याकडे कुत्रा नव्हता.

तुला आठवत असेलच. शाळेतून आलो की आई-बाबा येईपर्यंत आपण दोघीच घरात. दार वाजलं की मी आतून ओरडायचे, "वकील, गप बस!" आणि तू टेबलाखाली बसून गुरगुरायचीस. तू इतकं छान गुरगुरायचीस की खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा कुत्र्याच्या वासाची तक्रार केली. बाबांनी शपथेवर सांगितलं की आमच्याकडे कुत्रा नाही. आपण दोघी आत तोंडात ओढणी कोंबून बसलो होतो. आईला कळलं असतं तर पाठ शेकली असती, म्हणून तिलाही कधी सांगितलं नाही. बँकेतली बाकीची उत्तरंही मी आपल्या दोघींच्या अशाच खेळांतून उचलली होती.

तक्रार विभागातून बाहेर आले तेव्हा माझी छत्री तिथेच राहिली. परत गेले नाही.

हे नाव मी कोणाला सांगितलेलं नाही. तू कोणाला सांगितलंयस का, ते मला लिही. नवऱ्याला, मैत्रिणीला, कोणालाही सांगितलं असशील तर तेवढं नाव कळव. मी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

आता तू काही कळवायची गरज उरलेली नाही. बँकेकडे त्या फोनचं रेकॉर्डिंग आहे. ते मला कानाला लावून ऐकवलं.

आधी वाटलं, बँकेने चुकून माझाच कुठलातरी जुना फोन लावला. वाक्य सुरू करण्याआधीचा तो बारका खोकला माझा. "हं, पुढे" हे माझं. पलीकडचा मुलगा जरा अडखळला, तर "बाळ, मला कामं आहेत, आटप लवकर." हेही माझंच. कुत्र्याचं नाव सांगून वर म्हणालीस, "चावायचा नाही, पण भुंकायचा फार." त्यावर मला हसू आलं. तक्रार विभागातल्या बाईने ते पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बँकेत आपल्याच फसवणुकीला हसू नये, हे शहाणपण मला आता आलंय.

मी इतकं तुसडं बोलते का? घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "त्याहून."

मग राग आला. खूप आला. दोन दिवस लॅबमध्ये मी कोणाशी धड बोलले नाही, एका कवळीचं मेण जास्त तापवलं आणि साचा फुकट घालवला. पैशाचा राग तर होताच, पण तेवढाच नव्हता. तुला माझं काही ऐकूच जात नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. बाबा गेल्यावर आईला कोणी ठेवून घ्यायचं यावरून आपलं वाजलं. मी चारचौघांत म्हणाले, हिला स्वतःला सांभाळता येत नाही, ही आईला काय सांभाळणार. तेव्हाही तू खिडकीबाहेर बघत होतीस. आणि ऐकलंस मात्र खोकल्यासकट.

ओळखपत्राच्या नंबराचाही उलगडा झाला. मी आईला सरळ विचारलं, तिने सरळ सांगितलं. तू दर आठवड्याला दुपारी फोन करतेस, मी लॅबमध्ये असते तेव्हा. सहा वर्षं. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही, असं आईचं म्हणणं. "ती म्हणाली, ताईसाठी काहीतरी करायचंय, नंबर लागतो. मी कपाटातून कार्ड काढून वाचून दाखवलं. परक्याला दिला का मी?" कपाटाला मी कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते आईला सांगितलं नाही. तिला ती संध्याकाळपर्यंत सापडली.

रेकॉर्डिंगच्या शेवटी त्या मुलाने कर्जाचं कारण विचारलं. तू काहीतरी सांगितलंस. ते लिहीत बसत नाही.

एवढंच सांग, का?

ताई


१ मार्च

धाकटे,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तुमचा दोघांचा छापखाना बंद पडला, तुझं स्वतःचं नाव आधीच खराब झालं होतं, म्हणून चांगलं असलेलं नाव घेतलं, इतकं सरळ लिहिलंयस की वाचून मला चिडताही येईना. वर्षभर भरलंस, मग नवऱ्याला मिळालेलं दुसरं कामही गेलं. आता तू रुग्णालयात कॅश काउंटरला लागलीस हे वाचून बरं वाटलं. मग लगेच कळलं की हीच तर अडचण आहे.

बँकेने मला दोन वाटा सांगितल्यात. पहिली, कर्ज माझंच आहे असं मान्य करायचं. त्यांचा कल तिकडेच आहे, कारण उत्तरं माझी, आवाज माझा, वर मी हसलेसुद्धा. तसं केलं तर नवं कर्ज मिळणार नाही आणि महिनाअखेर लॅबची यंत्रं भंगारात. दुसरी वाट, हा आवाज कोणाचा ते नाव घेऊन सांगायचं आणि तो माझा का नाही ते पटवून द्यायचं. मग प्रकरण पुढे जाणार, पोलिसांतही जाऊ शकतं, आणि अशा बाईला कोणतंही रुग्णालय गल्ल्यावर बसवणार नाही. म्हणजे एकीची भाकरी राहील. दोघींची राहील अशी सोय मी विचारली, तर ती बाई म्हणाली, चौकशीअंती बघू.

आईला हे सांगावं लागलं. ती बराच वेळ गुडघे चोळत बसली. म्हणाली, "एकीने सोसलं तर काय होईल?" मी विचारलं, "कोणी?" मग ती उठून आत गेली. आईला या वयात असं विचारायला नको होतं, पण तिनेही असं म्हणायला नको होतं.

माझं नाव देऊ नकोस, असं तू कुठेही लिहिलेलं नाहीस. लिहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तुझ्यावर भडकून नाव दिलं असतं आणि झोपले असते.

मी तुझं नाव देणार आहे. आठ तारखेला जायचंय. मागाहून कळू नये म्हणून आधी सांगते. माझ्याकडे नावाशिवाय काही नाही, धाकटे. घर भाड्याचं, पेन्शन नाही, हातातली कला अशी की लॅबबाहेर तिला कोणी विचारत नाही. ते नाव मी सोडू शकत नाही, तुझ्यासाठीही नाही. तुला वाईट वाटेल. मलाही वाटतंय, पण त्याने माझा निर्णय बदलत नाही.

त्याआधी तुला काही करायचं असेल तर कर. मी विचारणार नाही.

ताई


१० मार्च

धाकटे,

परवा जाऊन आले. झालं ते सगळं लिहिते, आधी लिहायचं ठेवलं होतं तेही.

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, नवऱ्याच्या आडनावासकट. नातं विचारलं, सख्खी बहीण म्हणाले. त्या बाईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "राग मानू नका, पण असे बरेच जण येतात. कर्ज स्वतः घेतात, थकलं की भावाबहिणीवर ढकलतात. बहिणींचे आवाज सारखे असतात हे मान्य. पण मग हा आवाज तुमचा नाही, तिचाच आहे, हे मी कशावरून धरायचं?"

मी म्हटलं, शेवटचा भाग परत लावा.

तिने लावला. या वेळी कानाला नाही, खोलीत ऐकू येईल असा. मुलगा विचारतो, कर्ज कशासाठी? आणि तू माझा तो खोकला काढून म्हणतेस, "धाकट्या बहिणीसाठी. तिचं काम बंद पडलंय. ती मागायची नाही, फार मानी आहे. म्हणून मीच देतेय."

रेकॉर्डिंगबद्दल कळवलं तेव्हा हे मी लिहिलं नव्हतं. लिहिता आलं नव्हतं.

रेकॉर्डिंग थांबलं. मी त्या बाईला म्हणाले, "यावरून धरा. सहा वर्षांत मी माझ्या बहिणीला एक फोन केलेला नाही. तिचं काम बंद पडलं होतं हे मला याच रेकॉर्डिंगवरून कळलं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग लिहून घेतलं. प्रत्येक गोष्टीला कागद मागणारी बाई, धाकटे, पण या गोष्टीला तिने दुसरा पुरावा मागितला नाही. तिला ते लगेच पटलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग तिने लिहिलेलं ते परत एकदा वाचलं आणि खाली सही केली.

म्हणजे माझं नाव मोकळं झालं. लॅबच्या कर्जाची अडचण संपली, मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "चला, भट्टी वाचली." एवढंच. त्यांना भट्टीचीच काळजी होती.

आता तुझं. मी नाव दिल्यावर ती बाई म्हणाली की तुझंही तिला पत्र आलंय, आधीच्या दिवशी. सगळं कबूल केलंस, ताईला काही माहीत नव्हतं असं दोनदा लिहिलंस. तेही तिने माझं सगळं बोलून झाल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "दोघींनी आपापलं वेगळं सांगायला हवं होतं." तिच्या जागी मीही तसंच केलं असतं. पण घरी येईपर्यंत मला तिचा राग आला होता.

दोघींचं म्हणणं जुळलं, म्हणून बँक एक करायला तयार आहे. त्यांना पैसे हवेत, खटला नको. मंदीत त्यांनाही खटले परवडत नाहीत. तू स्वतः इथे यायचं, तुझ्या नावाने, तुझ्या आवाजात, आणि राहिलेलं कर्ज स्वतःवर घ्यायचं. हप्ता लहान करून देतील. मग फाइल बंद, पोलीस नाहीत, रुग्णालयाला कळवणं नाही. पण तुझं नाव आधीच खराब, त्यामुळे जामीन लागेल. कोणीतरी लिहून द्यायचं की हिने नाही भरलं तर मी भरेन.

"कोणाचं नाव घालू?" त्या बाईने विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर आपल्या ओळखीची दोन-तीन माणसं येऊन गेली, आणि सगळ्यांकडे स्वतःचंच थकलेलं. मी माझं नाव सांगितलं. तिला वाटलं, चुकून सांगितलं. "अहो, आत्ताच तर सोडवलंत ना?" म्हणाली. मग स्पष्टच बजावलं, की त्यामुळे लॅबसाठी मला कर्ज कमी मिळेल आणि तू चुकलीस तर लॅबवर येईल. मी म्हटलं, ऐकलं, लिहा.

याचा अर्थ मी विसरले असा घेऊ नकोस. मी विसरलेली नाही. तू इथे आलीस की आपण त्यावर भांडणार आहोत. आईने जागाही ठरवून ठेवली आहे, स्वयंपाकघरात, म्हणजे तिला बसल्या जागी ऐकू येईल.

शनिवारी ये. बँक दुपारपर्यंत उघडी असते, मी दारात थांबते. आणि हप्ता चुकवू नकोस. या वेळी ते माझ्याकडे येतील तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही.

ताई